औषध न लागणारी मेंढी

इतिहास हा विषय मी तेहतीस वर्षे शिकवला. राजे, तह, लढाया, सनावळ्या. मेंढीच्या पोटातही एक लढाई चालू असते आणि त्या लढाईलाही सनावळी आहे, हे मात्र निवृत्त झाल्यावर कळले. त्याला कारण झाला माझा एक जुना विद्यार्थी. त्याची हकिगत आधी सांगतो, मग सनावळीकडे वळू.

१९७८ किंवा ७९ चा पावसाळा असावा. फलटण तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी नवा होतो. आठवीच्या वर्गात धनगरवाड्यावरचा एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. अक्षर वेडेवाकडे, पण तोंडी हिशेबात सगळ्या वर्गाला मागे टाकणारा. दिवाळीनंतर घरचे कळप घेऊन कोकणात उतरायचे तेव्हा हा चुलत्याकडे गावात राहायचा, म्हणून त्याची शाळा टिकून होती. त्या वर्षी पाऊस लांबला. गणपती उठले आणि मुलगा शाळेत यायचा थांबला. आठ दिवस वाट पाहिली, मग एका रविवारी सायकल काढून वाड्यावर गेलो. मनात राग होता. वर्गात एकाने चुकीचे उत्तर दिले की पाठोपाठ सगळे तेच देतात. अशा वेळी "मेंढरासारखे वागू नका" असे म्हणायची मला सवय होती. आज त्याच्या वडिलांनाही चार शब्द सुनवायचे, असे ठरवूनच निघालो होतो.

वाड्यावर पोचलो आणि शब्द घशातच राहिले. जाळीच्या कुंपणाबाहेर मेलेली मेंढरे पडली होती. मुलगा एका कोकराला मांडीवर घेऊन बसला होता. कोकराच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज. त्याच्या वडिलांनी एक मेंढी धरली, तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि म्हणाले, "बगा गुरुजी, पांढरं फटक. रगतच न्हाई आंगात. पंधरा दिसात बत्तीस गेली."

काय बोलावे ते मला सुचेना. तेवढ्यात एक म्हातारी मेंढी निवांत रवंथ करताना दिसली. "हिला नाही का झालं काही?" असे मी विचारले. "हिला कदी काय हुत न्हाई. हिची आय बी आशीच हुती."

"मग हिचा नर ठेवला असेल ना कळपाला?"

ते हसले. "त्योच तर पयला इकला, गुरुजी. तेवढाच धड हुता. लोणंदच्या बाजारात धड कोकरूच इचारत्यात."

तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. मी काही दिवस चुकचुकलो आणि विसरलो. ते शेवटचे वाक्य मात्र कुठेतरी रुतून बसले असावे, कारण चाळीसएक वर्षांनी या विषयावर वाचायला लागलो तेव्हा सगळ्यात आधी तेच आठवले. आमचे बी.ए. मराठी माध्यमातले. इंग्रजी शास्त्रीय लेख शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचावे लागतात. पण रिकाम्या वेळेला तेवढे तरी काम हवेच.

त्या मेंढरांचे रक्त पिणारा शत्रू कोण असावा, हे आता लक्षणांवरून बऱ्यापैकी सांगता येते. हिमोंकस कॉन्टॉर्टस नावाचा जंत. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातल्या चौथ्या, म्हणजे खऱ्या जठरात हा राहतो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर. मादीच्या अंगात रक्ताने भरलेले लाल आतडे आणि पांढरी अंडनलिका यांचा पीळ पडलेला दिसतो. पाश्चात्त्य देशांत न्हाव्याच्या दुकानाबाहेर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब असतो, त्यावरून तिकडे याचे बोलीतले नाव पडले आहे. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. आकडा किरकोळ वाटतो, पण पोटात हजार जंत असतील तर रोज पन्नास मिलिलिटर झाले. मोठ्या प्रादुर्भावात जंत काही हजारांत असतात. शिवाय एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून रानात पडतात, ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि दवाने ओल्या झालेल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. मेंढी ते गवत खाते. तीनएक आठवड्यांत पोटात नवी पिढी अंडी घालू लागते. रक्तातली प्रथिने कमी झाली की जबड्याखाली पाणी साठते. त्या दिवशी मी पाहिलेली पिशवी तीच.

आपले धनगर पावसाळा देशावरच्या कोरड्या माळांवर काढतात आणि पाऊस सरल्यावर कोकणात उतरतात. हे चाऱ्यासाठी तर आहेच. पण ओल्या रानात ओल्या दिवसांत न राहण्याची ही रीत जंतांपासूनही राखण करते. एका जागी कळप राहिला नाही की अळ्यांना खायला मेंढी मिळत नाही. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, बांध बारमाही हिरवे झाले आणि मोकळे माळ आटले. तशी ही जुनी राखण सैल पडत गेली. माझ्या विद्यार्थ्याच्या घरचा कळप त्या वर्षी कालव्याकडेला चरत होता, हे मला नंतर कळले.

आता सनावळी. माणसाने या जंतावर काय काय चालवले, ते पाहू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोरचूद आणि तंबाखूचा अर्क पाजत असत. १९४० च्या सुमारास फिनोथायझिन आले. मेंढपाळांना वाटले, सुटलो. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीतून बातमी आली की तिथल्या हिमोंकसवर फिनोथायझिन चालेनासे झाले आहे. १९६१ मध्ये थायाबेंडॅझोल आले. तेही जादूसारखे चालले, आणि १९६४ मध्ये, म्हणजे तीनच वर्षांत, त्यालाही न जुमानणारे जंत सापडले. मग लेव्हामिसोल. मग १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन. याचा मूळ जिवाणू जपानमध्ये एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सातोशी ओमुरा यांना सापडला होता, आणि या शोधासाठी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांच्या अंधत्वावरही ज्याने मात केली असे हे मोठे औषध. पण मेंढीतल्या हिमोंकसने दक्षिण आफ्रिकेत त्यालाही १९८० चे दशक संपायच्या आत दाद देणे बंद केले. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपॅन्टेल हे अगदी नव्या कुळातले औषध बाजारात आले. २०१३ मध्ये तिथूनच त्यालाही न जुमानणाऱ्या जंतांची नोंद झाली.

इतिहासाच्या शिक्षकाला हा क्रम फार ओळखीचा वाटतो. नवा किल्ला, नवी तोफ. आणखी मजबूत किल्ला, आणखी मोठी तोफ. फरक एवढाच की इथे एका बाजूची पिढी तीन-चार आठवड्यांत बदलते. औषध पाजले की हजारातले नऊशे नव्वद जंत मरतात. उरलेले दहा वाचतात ते बहुधा त्यांच्या अंगी जन्मजात काही वेगळे असते म्हणून. रिकाम्या झालेल्या पोटात मग त्यांचीच प्रजा वाढते. म्हणजे सगळ्या कळपाला सारखे औषध पाजून आपण जंतांची निवड-पैदास करत होतो. उत्तम जंत निवडून त्यांचा वंश वाढवत होतो!

मग मेंढ्यांचीच निवड का करू नये? हा प्रश्न आज सोपा वाटतो. तो नीट विचारायला मात्र बरीच वर्षे लागली.

१९३२ मध्ये ऑस्ट्रेलियात इयान क्लुनीज रॉस या पशुवैद्याने हिमोंकसला मेंढ्या कसा प्रतिकार करतात यावरची निरीक्षणे प्रसिद्ध केली. (पुढे हे गृहस्थ त्या देशाच्या मोठ्या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष झाले आणि १९७३ मध्ये पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. पशुवैद्याचे चित्र नोटेवर! असो.) पुढच्या संशोधनातून एक गोष्ट वारंवार दिसली. एकाच रानात, एकच गवत खाणाऱ्या कळपात जंत सारखे वाटलेले नसतात. थोड्या मेंढ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात आणि बाकीच्यांच्या पोटात फार थोडे. वर्गात खोड्या करणारी चारच मुले असतात आणि छडी सगळ्यांना बसते, तसा हा प्रकार.

पण हा फरक वारशाने येतो की नुसत्या योगायोगाने? त्याचे उत्तर मिळवायला नेटका हिशेब लागतो. न्यू साउथ वेल्समधल्या आर्मिडेल या गावी विद्यापीठ आणि सरकारी संशोधन केंद्र यांनी १९७० च्या दशकाअखेरीपासून हे काम हाती घेतले. रीत सरळ होती. अनेक मेंढ्यांची, म्हणजे नरांची, पोरे जन्माला घालायची. त्या कोकरांना मोजून तेवढ्याच अळ्या पाजायच्या. ठरलेल्या दिवशी लेंड्या गोळा करून एका ग्रॅममध्ये किती अंडी आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. मग पाहायचे, कोणत्या बापाच्या पोरांत अंडी कमी. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मरिनो कोकरांच्या अभ्यासात उत्तर आले की कोकरा-कोकरांत जो फरक दिसतो त्यातला साधारण एक-तृतीयांश फरक वारशाचा आहे. उरलेला आहार, वय, आजवरचे आजार, दैव यांचा.

एक-तृतीयांश हा आकडा विचार करण्यासारखा आहे. एखाद्या मेंढीला जंत होत नाहीत म्हणून तिचे प्रत्येक कोकरू तसेच निघेल, असे यातून म्हणता येत नाही. पण पिढ्यानपिढ्या निवड केली तर कळप बदलेल, असे नक्की म्हणता येते. आर्मिडेलला ते करून दाखवले. एका ओळीत कमी अंड्यांचे, दुसऱ्या ओळीत जास्त अंड्यांचे नर निवडत गेले आणि दोन ओळी एकमेकींपासून स्पष्ट दूर सरकत गेल्या. हिमोंकसकडून मात्र निवडलेल्या मेंढ्यांवर मात करण्याचा तसा मोठा डाव दिसला नाही. हे का, याचे कारण मेंढीच्या प्रतिकाराच्या घडणीत असावे. औषध बहुधा जंताच्या एकाच ठिकाणी घाव घालते. तेवढी एक जागा बदलली की जंत सुटला. मेंढीचा प्रतिकार अनेक हातांनी होतो.

सुरुवातीला तिथेही एका हाताचीच आशा होती. एका मेंढ्याची पोरे इतकी विलक्षण निरोगी निघाली की त्याला 'सोनेरी मेंढा' म्हणू लागले आणि त्याच्या अंगात एकच मोठे जनुक असेल, असे वाटले. मेंडेलच्या वाटाण्यासारखा सोपा हिशेब. पण पुढच्या तपासात तसे एकच जनुक हाती आले नाही. आज दिसते ते असे की शेकडो जनुके थोडाथोडा वाटा उचलतात. कुणी शत्रूची ओळख पटवते, कुणी जठराच्या अस्तराशी पांढऱ्या पेशी धाडते, कुणी प्रतिपिंडे तयार करते. स्कॉटलंडमधल्या मेंढ्यांत ग्लासगोच्या संशोधकांना हिमोंकसच्या एका भाऊबंदाबाबत असे दिसले की जठरातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडामुळे जंतांची लांबीच खुंटते, आणि आखूड मादी कमी अंडी घालते. जंत मेला नाही, पण त्याचा वंश आवरला. गनिमी काव्यासारखेच हे. समोरासमोर लढण्यापेक्षा शत्रूची रसद तोडायची.

इथे एक भेद सांगायला हवा. काही मेंढ्यांच्या पोटात जंतच कमी राहतात, ती प्रतिकारक. काहींच्या पोटात जंत भरपूर, पण त्या ते सोसतात, खातात-पितात, धडधाकट दिसतात, ती सोशिक. वरून दोघी सारख्याच. पण सोशिक मेंढी रानात अंडी पेरत हिंडते आणि दुसऱ्यांची कोकरे मारते. त्या दिवशी निवांत रवंथ करणारी ती म्हातारी यातली कोणती होती, हे लेंडी तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकले नसते.

आता केनियाची गोष्ट सांगतो, कारण या सगळ्या इतिहासात मला ती सर्वांत बोचली. मसाई लोकांकडे तांबड्या रंगाची, जाड शेपटीची मेंढी असते. तिला रेड मसाई म्हणतात. लहान चणीची, सावकाश वाढणारी. १९७० च्या दशकात तिथे दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या डॉर्पर या थोराड जातीचे नर मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. मसाई पशुपालकांनी आनंदाने संकर केला. कोकरे लवकर वजन धरत. संकर कुठे थांबवायचा याची मात्र कुणी आखणी केली नव्हती. बघता बघता शुद्ध रेड मसाई कळप दुर्मीळ होऊ लागले. आणि जवळपास त्याच काळात, १९७९ मध्ये, केनियातल्याच नैवाशाच्या प्रयोगांतून दिसले की या मेंढीत हिमोंकसचा प्रादुर्भाव इतर जातींपेक्षा कमी राहतो. १९९० च्या दशकात नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने किनाऱ्यावरच्या दमट प्रदेशात डॉर्पर आणि रेड मसाई शेजारी-शेजारी वाढवल्या. डॉर्परची कोकरे जास्त मेली. रेड मसाईची जास्त जगली. एकेका मेंढीचे वजन न पाहता वर्षाअखेर कळपातून किती मिळाले हा हिशेब केला, तेव्हा लहान मेंढीच सरस ठरली. कोरड्या भागात मात्र डॉर्परचे बरे चालते. म्हणजे जात वाईट नव्हती. जागा चुकली होती, आणि मोजायच्या आधी बदलायची घाई झाली होती.

प्रतिकारही फुकट मिळत नाही, हे सांगणारी दुसरी गोष्ट स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरातल्या सेंट किल्डा बेटांवरची आहे. १९३० मध्ये तिथली शेवटची माणसे बेट सोडून गेली. १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरची १०७ मेंढरे मुख्य बेटावर आणून सोडली. राखणारा कुणी नाही, औषध नाही, खाटीक नाही. १९८५ पासून शास्त्रज्ञ तिथल्या मेंढरांच्या कानाला बिल्ले लावून एकेकीचा जन्म, वंश, मृत्यू लिहीत आले आहेत. आमच्या जुन्या बखरकारांना हेवा वाटावा अशी वंशावळ! काही हिवाळ्यांत तिथली निम्म्याहून जास्त मेंढरे मरतात. उपासमार आणि जंत मिळून. १९९९ च्या अभ्यासात दिसले की जवळच्या नात्यातल्या आईबापांच्या मेंढ्यांना जंत अधिक होतात आणि त्या अधिक मरतात. जंतनाशक दिले की हा फरक नाहीसा होतो. आणि २०१० मध्ये असे दिसले की ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे जास्त, त्या कडक हिवाळ्यातून वाचतात खऱ्या, पण त्यांना कोकरे कमी होतात. म्हणून बेटावर दोन्ही प्रकारच्या मेंढ्या टिकून आहेत. निसर्गाने एकाच बाजूला सगळे पैसे लावलेले नाहीत.

आता पुन्हा फलटणला येतो. दूरदेशीच्या गोष्टी वाचताना आपल्याच तालुक्याचे नाव पुढे आले, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचले.

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. मराठी वाचकांना त्यांच्या पत्नी, लेखिका जाई निंबकर, माहीत असतील. इरावती कर्व्यांच्या त्या कन्या. त्यांची मुलगी चंदा निंबकर यांनी याच संस्थेत मेंढ्यांवर काम केले आणि त्यासाठी आर्मिडेलच्या विद्यापीठातच पीएच.डी. केली. १९९० च्या दशकात या संस्थेने सुंदरबनातून गॅरोल नावाची मेंढी आणली. प्रौढ मेंढीचे वजन जेमतेम दहा ते पंधरा किलो. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी. बंगालीत या शब्दाचा एक अर्थ मेंढरू आणि दुसरा अर्थ मूर्ख माणूस! वाचून मला माझा वर्ग आठवला आणि जरा शरमही वाटली.

ही मेंढी आणण्याचे मुख्य कारण तिला होणारी जुळी-तिळी. त्यामागे स्वतंत्र इतिहास आहे, थोडक्यात सांगतो. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या. पुढे ऑस्ट्रेलियातल्या बूरूला नावाच्या शेतावरच्या मरिनो मेंढ्यांना जुळी-तिळी होतात असे दिसले, आणि हेलन न्यूटन टर्नर यांनी १९८२ मध्ये अंदाज मांडला की हा गुण त्या बंगाली मेंढ्यांकडून आला असावा. २००१ मध्ये ते जनुक सापडले, आणि २००२ मध्ये तेच गॅरोलमध्येही असल्याचे सिद्ध झाले. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजावरची चिठ्ठी जणू पोचली. फलटणला याच जनुकाच्या आधारे दख्खनी मेंढीपासून 'नारी सुवर्णा' तयार झाली.

पण ऑस्ट्रेलियाच्या मदतीने चाललेल्या त्या प्रकल्पाच्या नावातच 'जंतप्रतिकारक' हाही शब्द होता. दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा गॅरोलशी संकर करून कोकरांच्या लेंड्या तपासल्या गेल्या. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. गॅरोल रक्ताच्या कोकरांत जंतांची अंडी कमी होती. ती कोकरे वाढायला मात्र मंद होती. इथेही हिशेब चुकता करावा लागलाच. यामागचा तर्क मला फार पटतो. दख्खनी मेंढी कोरड्या माळाची. तिच्या पूर्वजांना हिमोंकसशी रोजची झुंज नव्हती. गॅरोल चिखल-पाण्यातली, तिथे ज्यांना जंत झेपले नाहीत त्यांचा वंश राहिलाच नाही. तिचे ठेंगणेपण आणि तिचा प्रतिकार, दोन्ही त्याच चिखलाने घडवले. बाजाराने मात्र तिला फक्त ठेंगणी म्हणून ओळखले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी त्या विद्यार्थ्याचा शोध घेतला. तो आता साठीला टेकला आहे. चाळीसएक मेंढरे आहेत, मुलगा सांभाळतो. पायावर डोके ठेवू लागला तेव्हा मी थांबवले. चहा झाल्यावर मी माझी वही काढली आणि उत्साहाने सगळे सांगितले. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात 'फामाचा' नावाचा रंगांचा तक्ता तयार झाला, तेही सांगितले: पापणीच्या आतला रंग लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच छटांशी ताडून पाहायचा आणि ज्या मेंढीचा रंग फिका असेल तिलाच औषध पाजायचे. म्हणजे औषधाने न मरणाऱ्या जंतांचा वंश फोफावत नाही, आणि वारंवार औषध लागणारी मेंढी कोणती तेही कळते. तो हसला. "म्हंजी आमचं आबा करायचं तेच की."

"हो. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. जिला औषध लागत नाही तिचा नर राखायचा, तिच्या लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासून घ्यायच्या, आणि कळपाला त्याच घरचा नर वर्षानुवर्षे वापरायचा नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग जे बोलला ते माझ्या वहीत नव्हते. "गुरुजी, नर राखायचा म्हंजी वरीसभर पोसायचा. त्याची पोरं व्हायला आणिक आठ म्हैने. ती पोरं पावसातनं निघाली तर कळणार, नर खरा का खोटा. आन मधी घरात दवाखाना निघाला, लगीन निघालं, तर इकायला कळपात तेवढाच एक धड दिसतो."

मला लोणंदचा तो बाजार आठवला. त्याच्या वडिलांना काय माहीत नव्हते? कोणती मेंढी टिकते, तिची आई कशी होती, पापणी काय सांगते, सगळे माहीत होते. निवड करण्याचे ज्ञान वाड्यावर होते. निवड निभावण्याची ऐपत नव्हती. दरवर्षी सगळ्यात चांगला नर आधी विकला जायचा आणि उरलेल्यातून पुढची पिढी व्हायची. जंतांच्या बाबतीत औषधाने उत्तम तेवढे राखले. मेंढरांच्या बाबतीत गरजेने उत्तम तेवढे घालवले. आर्मिडेलच्या शास्त्रज्ञांच्या सूक्ष्मदर्शकाइतकाच त्यांच्यामागचा सरकारी पगार महत्त्वाचा होता, हे लेखांत कुणी लिहीत नाही. गावोगावच्या कळपांतून निवडलेले नर राखायचे असतील, तर त्या दोन वर्षांचा भार एकट्या धनगरावर टाकून चालणार नाही. चार वाड्यांनी मिळून एक नर पोसणे, संस्थेने किंवा सरकारने राखणीचे पैसे देणे, असे काहीतरी लागेल.

निघताना त्याने मला जाळीपाशी नेले. एक पोरसवदा नर दाखवला, पाठीवर गेरूचा ठिपका. त्याच्या आईला दोन पावसाळ्यांत औषध लागलेले नाही. मुलगा लेंड्याही तपासून आणणार आहे. बकरी ईदला चांगला भाव सांगून गिऱ्हाईक आले होते. या वेळी नाही म्हणून सांगितले.

"पुढच्या वेळी?" मी विचारले.

"पुढचं पुढं, गुरुजी. तोंडी हिशेब माझा चांगलाय, पर पुढच्या सालाचा जमत न्हाई."

मी पापणी ओढून पाहिली. लाल होती. पुढच्या गणपतीनंतर, एखाद्या रविवारी, मी पुन्हा जाणार आहे.